समोरच्या खुर्चीत

"जीव द्यावासा वाटतो का?"

हा प्रश्न मी त्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात निदान वीस वेळा विचारला. समोर गुहागरकडची एक शाळेतली समुपदेशक बसली होती. आधी तिनं मला विचारायचं, मग मी तिला. नजर खाली न्यायची नाही, आवाज पाडायचा नाही, "तसं काही" किंवा "नको ते विचार" असे आडोसे घ्यायचे नाहीत, एवढेच नियम. रत्नागिरीतला एक साधा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर कुरकुरणारे पंखे. आम्ही बावीस जण. कुणी शाळेत काम करणारं, कुणी व्यसनमुक्तीत, दोघी ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका, एक तरुण डॉक्टर. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि विषय होता अवघड क्लायंट, अवघड प्रसंग.

पहिल्या वेळी माझा आवाज "जीव"पाशीच बसला. गुहागरची तर शब्द गिळूनच थांबली आणि डोळे पुसायला लागली. आम्ही दोघी या कामात नवख्या नाही. मी दहा वर्षं सिंधुदुर्गात समुपदेशन करते आहे. आजवर हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे, असं मी खात्रीनं सांगितलं असतं. पण त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की मी तो कधी सरळ विचारलाच नव्हता. मी विचारत आले ते असं: "डोक्यात काही वेडंवाकडं येत नाही ना?" त्यातल्या "ना"मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरचा माणूस बिचारा माझी सोय बघून "नाही" म्हणतो, मी हुश्श करते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

आपल्या भाषेत ही गोष्ट न बोलण्याचे किती रस्ते आहेत! जिवाचं बरंवाईट केलं. काहीतरी करून घेतलं. मालवणीत "काय ता करून घेतल्यान". नुसत्या "काय ता"वर सगळ्या गावाला समजतं आणि कुणालाच ते उच्चारावं लागत नाही. या आडपडद्यात माया आहे, हे मला मान्य आहे. घरच्यांच्या जखमेवर बोट पडू नये म्हणून माणसं तसं बोलतात. पण जो अजून जिवंत आहे आणि रात्र रात्र जागा आहे, त्याच्यासाठी हा आडपडदा फार जड होतो. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, "जो शब्द तुम्हाला उच्चारवत नाही, तो तुमच्यासमोर बोलायचं बळ त्यानं कुठून आणायचं?"

विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो, ही भीती आमच्यातल्या अर्ध्या जणांना होती. ती खरी नाही. याचा अनेक वर्षं, अनेक देशांत अभ्यास झालेला आहे. सरळ, शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाटतं. दुसरी भीती पोलिसांची. "केस होईल" म्हणून आजही आमच्याकडे रुग्णालयात आणलेल्या माणसाबद्दल "चुकून झालं" असंच सांगितलं जातं. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. हा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. पुढे जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम, जे असा प्रयत्नच गुन्हा मानायचं, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलंच गेलं नाही. हे त्या दोन परिचारिकांनी वहीत लिहून घेतलं आणि एक जण दुसरीला हळूच म्हणाली, "हे वॉर्डाच्या भिंतीवर लावायला हवं." मला ते फार पटलं.

मग शपथेचा विषय निघाला. आम्ही सगळेच शपथ घेतो, म्हणजे घ्यायला लावतो. "मला वचन दे, असं काही करणार नाहीस." शाळेतल्या मुलींना तर आईच्या गळ्याची, देवीची. मॅडमनी विचारलं, "वचन मिळाल्यावर बरं कुणाला वाटतं?" कुणी काही बोललं नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मुलगी घरी जाते ती तेवढंच दुःख घेऊन, वर शपथ मोडली तर देवी कोपेल ही भीती. शांत झोप लागते ती आम्हाला.

वचनाच्या जागी काय करायचं तेही शिकवलं, आणि माझ्या मते या दोन दिवसांतली हातात धरून घरी न्यावी अशी गोष्ट तीच होती. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघा अमेरिकी मानसतज्ज्ञांनी तयार केलेला सुरक्षा आराखडा. एक पान, क्लायंटच्या स्वतःच्या अक्षरात. वाईट लाट येते आहे हे मला कशावरून कळतं? ती आल्यावर मी एकटीनं काय करू शकते? कुठे जाऊन बसले तर चार माणसांत असेन? कुणाला फोन करीन? तज्ज्ञ मदत कुठली? आणि शेवटी, ज्यानं धोका होईल अशा वस्तू घरात हाताशी राहू नयेत म्हणून कुणाला काय सांगायचं? आंब्याच्या फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे हा शेवटचा प्रश्न नुसता कागदावरचा राहत नाही. औषधं कुलपात ठेवणं आणि किल्ली दुसऱ्या घरात देणं, इतकी साधी गोष्टसुद्धा जीव वाचवते, कारण ती लाट बहुधा काही वेळाची असते आणि तो वेळ निभावून नेला की माणूस दुसऱ्या काठाला लागतो. सरावासाठी माझ्या जोडीदारणीनं एका काल्पनिक मुलीचं पान लिहिलं. "एकटीनं काय करीन" समोर तिनं लिहिलं: आजीच्या घोंगडीत शिरून झोपेन. मी तोवर असल्या रकान्यात "दीर्घ श्वसन" लिहीत आले होते. पानाच्या तळाशी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. वाचणाऱ्या कुणाला लागणार असेल तर इथूनच उतरवून घ्या.

हे सगळं रत्नागिरीत शिकताना मला सारखं वाटत होतं की "रत्नागिरी" हा शब्दच आमच्या लहानपणी धाक घालायला वापरायचे. कुणी जरा वेगळं वागलं की "ह्येका रत्नागिरीक न्हेवक व्हया." १८८६ सालापासून तिथे मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, आमच्या भागाचं. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा जिल्हा झाला तरी हे वाक्य आमच्या जिभेवर राहिलंच. जी भिंत लांबून दाखवून आम्हाला गप्प करायचे, त्याच शहरात आम्ही बावीस जण मनातलं मोठ्यानं कसं विचारायचं याचा सराव करत होतो. जेवणाच्या सुट्टीत आमसुलाची कढी पिताना मी हे सांगितलं तर आमच्यातल्याच चिपळूणच्या एका तरुण मुलानं सांगितलं की त्याची आत्या तिथे होती आणि घरात तिचा फोटोसुद्धा लावलेला नाही. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. आम्हीही त्याला बोलायला लावलं नाही.

दुपारी मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे येणं मध्येच सोडून गेलेला एखादा क्लायंट आहे का, जो अजून मनातून जात नाही?"

मी हात वर केला.

तिच्याबद्दल इथे लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तरी बंदराचं नाव, वय, मुलं किती, सगळं बदललं आहे. तिचा नवरा खलाशी. होडी गेली ती परत आली नाही. चौघांपैकी दोघांचे देह मिळाले, तो मिळाला नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं व्हायची होती. आली म्हणजे तिच्या भावानं आणली. तक्रार अशी की ती रोज रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवते आणि सकाळी गाईला घालते, कपाळाचं कुंकू पुसत नाही, बाराव्या-तेराव्याचं नाव काढू देत नाही, आणि त्यामुळे घरातलं कुठलंच कार्य पुढे सरकत नाही. भाऊ म्हणाला, "मॅडम, तेका काय ता समजावा."

आणि मी समजावायला बसले. तीन सेशन. पहिल्या दोन्हींत तिनं फार काही सांगितलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. तिसऱ्या वेळी एकदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "तो येवचो नाय, ह्या माका म्हायत आसा. पण इलो तर?"

हे वाक्य मी माझ्या टिपणात लिहून ठेवलं आहे. त्याच्या पुढे कंसात माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: नकार. म्हणजे ती वास्तव नाकारते आहे, असा माझा निष्कर्ष. मग मी तिला म्हणाले, "ताई, आता दोन वर्षं झाली. मुलांसाठी तरी तुम्हाला हे स्वीकारायला हवं." ती उठताना चप्पल घालून म्हणाली, "येतंय." आमच्याकडे "जाते" म्हणत नाहीत, म्हणून ती "येतंय" म्हणाली. त्यानंतर ती आली नाही.

मॅडमनी मला तिच्या खुर्चीत बसवलं. चिपळूणचा तो मुलगा मी झाला. माझ्या टिपणातली वाक्यं त्याच्या हातात. मी तिच्यासारखी बसले, पाय खुर्चीखाली घेऊन, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. नाटक करते आहे याची थोडी लाज वाटत होती. त्यानं सुरुवात केली. चांगल्या, मऊ आवाजात, मी बोलते तशाच. आणि ते वाक्य आलं. "ताई, आता दोन वर्षं झाली. मुलांसाठी तरी तुम्हाला हे स्वीकारायला हवं."

माझी पाठ ताठ झाली. हात आपोआप गळ्याशी गेला, मंगळसूत्रावर, जणू कुणी ते काढून घ्यायला पुढे आलं आहे. आणि तोंडातून मालवणीत निघून गेलं, "तुमका काय जाता सांगूक!"

मी हे ठरवलेलं नव्हतं. घरी मी मालवणीत बोलते, कामात कधीच नाही. मुलगा गडबडला. मॅडमनी मला काही विचारलं नाही, त्याला विचारलं, "स्वीकारायला हवं, असं म्हणताना तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?"

त्यानं खरं सांगितलं. "सुटल्यासारखं."

मलाही त्या तिसऱ्या सेशनला तेच वाटलं होतं, हे मला तिच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळलं नसतं. तिचं ते "इलो तर?" मला पेलवत नव्हतं. बंदरावरच्या घरात वाढलेल्या कुणालाही ते पेलायला कठीणच. माझ्या आईचे काका असेच गेले. फयान वादळाच्या वेळी, नोव्हेंबर २००९ मध्ये, आमच्या किनाऱ्यावर किती घरं अशी रात्ररात्र दिवा लावून बसली होती हे मी पाहिलं आहे. तिचा प्रश्न लवकर मिटावा अशी घाई मला झाली होती, आणि त्या घाईला मी उपचार समजत होते.

त्यानंतर मॅडमनी पॉलिन बॉस यांच्याबद्दल सांगितलं. या अमेरिकी बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला असं म्हणायला पुरावा नाही आणि आहे असं म्हणायला माणूस नाही, अशा दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं. मराठीत आम्ही त्याला धूसर वियोग म्हणायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की या दुःखात शेवट गाठून देणं हे मदतनिसाचं काम नाही, कारण शेवट त्या माणसाच्या हातातच नसतो. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरून जगता येणं, हेच ते कौशल्य. तो बहुधा गेला आहे. आणि कदाचित नसेलही.

तो येवचो नाय, ह्या माका म्हायत आसा. पण इलो तर?

ती बाई हे तिसऱ्या सेशनला एका दमात बोलून गेली होती. जे मी शिकायला रत्नागिरीला आले ते ती माझ्यासमोर बसून सांगत होती, आणि मी त्यापुढे "नकार" लिहिलं. मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. कोकणाला तर हे दुःख पिढ्यानपिढ्या ओळखीचं आहे. समुद्रावर गेलेले एक, आणि मुंबईला गेलेले दुसरे. गिरणीत लागला, चार-पाच वर्षं मनीऑर्डर आली, मग थांबली, पत्र नाही, कुणी म्हणतं तिकडे दुसरं घर केलं, कुणी म्हणतं आजारी होता. त्या बायका म्हाताऱ्या होईपर्यंत कुंकू लावत राहिल्या. त्यांना कुणी नाव दिलं नाही, वेड्या तेवढं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दारूचा विषय होता. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांची प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत, म्हणजे बदलायची कारणं त्या माणसाच्याच तोंडून येऊ देणं, बऱ्याच जणांना आधीच येत होती, म्हणून तो भाग भरभर झाला. घरच्यांनी धरून आणलेला माणूस, "माका काय झाला नाय, ह्यांकाच विचारा" म्हणणारा, त्याच्याशी वाद घातला की तो दारूची बाजू घेतो. समोरच्याला ताबडतोब दुरुस्त करायची जी ऊर्मी मदतनिसाच्या अंगात उसळते, तिच्यापासून हे दोघे सावध करतात. मला ती आदल्या दिवशीच भेटली होती.

ज्या विषयावर आम्ही कुणीच आपणहून बोललो नसतो, तो मॅडमनी जेवणानंतर काढला. कोणता क्लायंट येणार म्हटलं की पोटात गोळा येतो? कुणाचं सेशन रद्द झालं की बरं वाटतं? ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ सालीच उघड लिहिलं की उपचार करणाऱ्याला रुग्णाचा द्वेषही वाटतो, आणि तो ओळखला नाही तर तोच उपचारात घुसतो. आमच्या हॉलमध्ये मात्र सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आपण सेवेचं काम करतो, आपल्याला असं वाटणं म्हणजे पाप, हे फार खोल बसलेलं आहे. शेवटी ती ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका बोलली. एक मुलगी पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करून येते. मलमपट्टी करताना मी मुद्दाम जरा जोरात दाबते, ती म्हणाली. आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तिला कुणी काही बोललं नाही. मॅडम उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता हे तुम्हाला माहीत आहे. उद्या ती आली तर तुमचा हात थांबेल." प्रशिक्षणाच्या छापील कार्यक्रमात त्या तासाचं नाव "प्रतिभावना" असं होतं, म्हणजे क्लायंटमुळे आपल्या मनात उठणाऱ्या भावना. मी ते नाव विसरेन, पण त्या बाईचे हात विसरणार नाही. एवढं खरं बोलणाऱ्या माणसाच्या हाती मी माझी लेक निर्धास्त सोपवीन.

गुप्ततेबद्दल जे शिकवतात ते मोठ्या शहरांत शिकलेल्या लोकांनी लिहिलेलं असतं. क्लायंटशी बाहेर संबंध ठेवू नये, हे वाक्य आमच्याकडे पाळायचं कसं? मी मासळी घेते ती बाई माझ्या एका क्लायंटची जाऊ आहे. एसटीत शेजारी बसलेला माणूस गेल्या आठवड्यात माझ्यासमोर रडलेला असतो आणि मागच्या सीटवर त्याचा सासरा. शिमग्याला पालखी आमच्या दारात येते तेव्हा खांदेकऱ्यांत दोघे माझे. बाहेर भेटल्यावर मी ओळख दाखवू की नको, हे मी आता पहिल्याच सेशनला त्यांनाच विचारते. बहुतेक जण म्हणतात, "तुमी बोलू नुको, मी बोललंय तर बोला." एवढी एक ओळ ठरवली की बाजारातसुद्धा दोघांना मोकळा श्वास घेता येतो. मुलांच्या बाबतीत मात्र मी आधीच सांगते की काही गोष्टी मला पोटात ठेवता येणार नाहीत. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असं तोंडातून गेल्यावर ते सांगावं लागणं, हा मुलावर दुसरा घात होतो.

देवाचं बोलायचं तर, माझ्याकडे येण्याआधी बहुतेकांनी कौल लावलेला असतोच. मी त्याला विरोध करत नाही आणि खोटी मानही डोलवत नाही. मी विचारते, देवाला नेमकं काय विचारलंत? प्रश्न काय घातला हे सांगताना माणूस स्वतःची खरी भीती सांगून टाकतो. आणि गाऱ्हाण्यात एक फार मोठी गोष्ट आहे. गुरव सगळ्या गावासमोर एका घराचं दुःख नाव घेऊन बोलतो आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्या क्षणी कुणी उपाय सांगत नाही. ऐकलं, एवढंच सांगतात.

मला हे सगळं दहा वर्षांनी का शिकायला मिळालं, याचा मात्र मला राग आहे आणि तो मी इथे लिहिणार आहे. मी आधी ज्या संस्थेत होते तिथे महिन्याला किती सेशन झाली याचा तक्ता भरावा लागे. त्यातलं एखादं सेशन अंगावर आलं तर ते कुणाशी बोलायचं याचा रकाना नव्हता. सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी माणसासमोर आपल्या केस नियमित मांडणं, आपण कुठे चुकतो, कुठे घाबरतो ते बघणं. या कामात ते मिठासारखं आहे. पण ते पुण्या-मुंबईत मिळतं. आम्ही एकेकटे. क्लायंट गेला की दार लावून घेतो आणि घरी जाऊन भात लावतो. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देऊन आम्हाला परत त्याच एकटेपणात सोडायचं असेल, तर ते तंत्र सहा महिन्यांत गंजतं. माणसाला ऐकणाऱ्या माणसालाही कुणीतरी ऐकावं लागतं, आणि ही सोय तालुक्याच्या पातळीवर व्हायला हवी. निधी नाही हे उत्तर मला पटत नाही.

आम्ही सहा जणांनी तेवढ्यापुरतं आमचं आमचं केलं. महिन्यातून एका शनिवारी मॅडम ऑनलाइन भेटतात. माझ्या घरी रेंज नसते म्हणून मी स्कूटर घेऊन सड्यावर जाते, कातळावर बसते. खाली समुद्र दिसतो. तिथून मी माझ्या चुका सांगते. गुहागरची, चिपळूणचा मुलगा, ती परिचारिका, सगळे असतात. ती मुलगी अजून येते, पण आता पट्टी बांधून झाल्यावर दहा मिनिटं बसून जाते, असं परिचारिकेनं गेल्या वेळी सांगितलं.

ताट झाकून ठेवणाऱ्या त्या बाईला मी फोन करावा का, हे मी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं. चर्चा बरीच झाली. तिला बोलावून माझं मन हलकं करायचं, ही पुन्हा माझीच घाई. मी फोन केला नाही. तिच्या भावाला मात्र एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं, दार उघडं आहे, आणि मी तेव्हा जरा घाई केली होती, हेही सांगा तिला.

ती आली दीड वर्षांनी, नारळी पौर्णिमा झाल्यावर. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून होड्या पुन्हा जायला लागल्या होत्या. एकटी आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बेपत्ता माणसाची सात वर्षं काही खबर नसेल तर कायदा तो मेला असं धरून चालतो, ही मुदत जुन्या पुरावा कायद्यातही होती आणि नव्या कायद्यातही आहे. तोवर दाखला नाही, दाखला नाही म्हणून बँकेतले पैसे नाहीत, घर त्याच्या नावावर. वकिलानं सांगितलं होतं की देह मिळालेल्या दोघांच्या घरच्यांचे जबाब, बंदरावरची नोंद, सगळं जोडून आधीही प्रयत्न करता येईल. थोरल्या मुलीची फी भरायची होती. त्यासाठी तिला अर्जावर सही करायची होती, आणि सही म्हणजे तो मेला असं स्वतःच्या हातानं लिहून देणं.

कपाळावर कुंकू होतं. मी त्याच्याकडे बघून नजर वळवली नाही. आम्ही बराच वेळ बसलो. बाहेर पाऊस लागला आणि थांबला. ती ताट अजून वाढते का, हे मी विचारलं. ती म्हणाली, वाढते, पण आता थोडंसंच, भात फुकट जातो. काय वाढते तेही तिनं सांगितलं. त्याला बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं आवडायचं. ते सांगताना ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली, आणि मी पाण्याचा ग्लास पुढे करायची घाईसुद्धा केली नाही.

मग तिनं कागद टेबलावर सरकवला. "काय करू, बाय? सही करू?"

मी विचारलं, "सही केली, आणि तो इलो तर?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. डोळे पुसत, मोठ्यानं हसली.

"तर मगे कागद फाडतलंव," ती म्हणाली, आणि पिशवीतून पेन काढलं.